पात्याची पारख

दिवाळी आटोपते, सुगीची गडबड ओसरूं लागते, आणि शहरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना गांवाकडील जमिनीची आठवण होते. जालना शहरांतील अशाच एकाद्या नोकरदार गृहस्थाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. बदनापूर किंवा अंबड तालुक्यांत त्याची वडिलार्जित चार-पांच एकर जमीन असते; तींत कांहीं मोसंबीचीं झाडें, उरलेल्या भागांत कापूस किंवा सोयाबीन. दोन पावसाळे बांधाकडे कोणाचें लक्ष गेलेलें नसतें. गृहस्थ जाऊन पाहतो, तों बांध दिसेनासा झालेला, विहिरीकडे जाणारी पाऊलवाट घाणेरीनें बुजलेली, आणि ओढ्याच्या कडेनें वेड्या बाभळीची भिंतच उभी राहिलेली. दुसऱ्या दिवशीं तो बाजारांत जातो व दुकानदारास विचारतो, "झुडपें तोडायला सर्वांत चांगलें पातें कोणतें?" दुकानदार सर्वांत चकचकीत, सर्वांत जास्त दांत्यांचें आणि अर्थातच सर्वांत महाग पातें काढून देतो. आठ दिवसांत त्या पात्याचे दांते बोथट होतात व तें अडगळींत जाऊन पडतें. पण इतक्यावरच निभावलें, तर तें सुदैवच म्हणावयाचें. कित्येकदां पातें मोडतें, आणि त्याची किंमत मजुराच्या पिंढरीला किंवा डोळ्याला मोजावी लागते.

चूक दुकानदाराची नव्हे. चूक प्रश्नाची आहे. सर्वांत चांगलें असें पातें जगांत नाहीं. गवताला उत्तम तें लांकडाला निरुपयोगी, आणि लांकडाला उत्तम तें गवतांत गुंतून पडणारें. म्हणून पात्याची निवड दुकानांत होत नसते. ती बांधावर उभें राहून, समोरच्या वनस्पतीच्या खोडाला हात लावून करावयाची असते.

जालना जिल्हा १९८१ सालीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून निर्माण झाला. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेकडील तालुक्यांत पूर्णा, मध्यभागीं दुधना, आणि खुद्द जालना शहरांतून वाहणारी कुंडलिका. मोठें वन म्हणावें असें या जिल्ह्यांत फारच थोडें आहे. येथील झाडोरा वाढतो तो बांधांवर, गायरानांत, नाल्यांच्या कांठीं आणि पडीक विहिरींभोंवतीं. तोडणाऱ्याच्या दृष्टीनें या झाडोऱ्याचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग हिरव्या, रसदार देठांचा: कुंदा, इतर गवतें, पावसाळी तण. दुसरा वर्ग बोटाएवढ्या, अर्धवट लांकूड झालेल्या झुडपांचा: तरवड, घाणेरी, कोंवळी बोर. तिसरा वर्ग मनगटाएवढ्या रोपट्यांचा: बाभूळ, हिवर, वेडी बाभूळ. या तिन्ही वर्गांना एकच पातें पुरेल अशी आशा धरणें म्हणजे भाजीची विळी, नारळाचा कोयता आणि सुताराची करवत या तिहींचें काम एकाच हत्यारावर सोंपविण्यासारखें आहे. कोणतीहि गृहिणी असा व्यवहार करणार नाहीं.

पूर्वापार चालत आलेल्या हत्यारांत ही विभागणी आपोआप झालेली दिसते. विळ्याचें पातें पातळ व अर्धचंद्राकार. त्याच्या पोटांत देठ गोळा होतात, डाव्या हातानें मूठ धरावयाची आणि उजव्या हातानें ओढावयाचें. तें ओढून कापणारें हत्यार आहे. घाव घालण्यासाठीं तें जन्मलेलें नाहीं. कोयता जड, त्याचें वजन टोंकाकडे असतें, म्हणून घाव घालतांना हाताचें बळ थोडें लागतें व पात्याचें बळ अधिक. परंतु कोयत्यांतहि भेद आहेत. मराठवाड्यांतून, विशेषतः बीड आणि जालना जिल्ह्यांतून, हजारों कुटुंबें दसऱ्यानंतर ऊंसतोडणीसाठीं बाहेर पडतात. तोडणीस जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथें 'एक कोयता' असें म्हणतात. माणसांची मोजणीच ज्या हत्याराच्या नांवानें होते, त्या हत्याराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पण ऊंसाचा कोयता ऊंसासाठीं असतो. त्याची धार पातळ, कारण ऊंसाचें कांडें रसाळ असतें. तोच कोयता वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यावर चालविला, तर पहिल्या दहा घावांतच धारेला दांते पडतात, आणि सायंकाळीं त्या मजुराला दगडावर तासभर घांसत बसावें लागतें. बाभळीला कुऱ्हाडच हवी. तिच्या पात्याची पाचर जाड असते. ती लांकूड नुसतें कापीत नाहीं, तर फांकवीत जाते. कठीण लांकडांत पातळ धार अडकते किंवा तुटते. जाड धार टिकते.

येथें जालन्याच्या संबंधांत एक मौजेची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हें शहर पोलादासाठीं प्रसिद्ध आहे. भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करणारे कारखाने येथें मोठ्या संख्येनें आहेत, आणि जालन्याची सळई दूरदूरच्या इमारतींत जाऊन बसली आहे. साहजिकच कोणास वाटेल कीं, पोलादाच्या गांवीं पात्यासाठीं पोलाद शोधावयास कशाला हवें? सळईचा एकादा तुकडा लोहाराकडे नेला कीं काम झालें! परंतु सळईचें पोलाद आणि पात्याचें पोलाद यांच्या स्वभावांत अंतर आहे. इमारतीच्या सळईला वांकावें लागतें, ताण सोसावा लागतो. ती कडक्कन तुटून चालत नाहीं. म्हणून तिच्यांत कार्बन थोडा ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणें ५०० प्रतीच्या सळईंत तो शेंकडा ०.३० हून अधिक असतां कामा नये. पोलाद तापवून एकदम पाण्यांत बुडविलें असतां तें किती कठीण होईल, हें मुख्यतः या कार्बनवर अवलंबून असतें. एवढ्या थोड्या कार्बनानें टिकाऊ धार येत नाहीं. उलट मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यांत कार्बन साधारण शेंकडा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो. म्हणूनच जुना जाणता लोहार, किंवा गांवोगांव पाल ठोकून भाता चालविणारा घिसाडी, कोयता घडविण्यासाठीं सळईऐवजीं मोटारीच्या कमानीचा तुटका पाटा मागतो. त्यानें रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नसतें. पण कोणत्या लोखंडाला 'पाणी चढतें' व कोणत्याला चढत नाहीं, हें त्याच्या हातोड्याला ठाऊक असतें.

धारेला पाणी देणें हा मराठी भाषेंतील शब्दप्रयोग पोलादाचें सारें शास्त्र सांगून जातो. पातें लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें कीं तें कठीण होतें. पण त्याबरोबरच कांचेसारखें ठिसूळहि होतें. तें ठिसूळपण घालविण्यासाठीं त्याला पुन्हां मंद आंच देतात. घांसून उजळलेल्या पृष्ठावर तेव्हां रंग चढूं लागतात: प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटीं निळा. पिवळ्यावर थांबलें तर धार कठीण राहते, निळ्यावर थांबलें तर पातें चिवट होतें. वस्तऱ्याला पिवळा शोभेल; झाडावर घाव घालणाऱ्या पात्याला त्याहून पुढचा रंग हवा, नाहीं तर गांठीवर घाव बसतांच तुकडा उडेल. याच कारणासाठीं घरच्या सानेच्या यंत्रावर पातें घांसतांना सावधगिरी बाळगावी. घांसतां घांसतां धारेवर निळसर झांक आली, कीं तेथलें पाणी उतरलें असें समजावें. मग ती धार कितीहि चमकली, तरी दोन दिवसांत वळेल. थोडें घांसावें, पाण्यांत बुडवावें, पुन्हां घांसावें. घाई येथें उपयोगाची नाहीं.

अलीकडे खांद्याला अडकवून चालविण्याचें झुडूपकापणीचें यंत्र जिल्ह्यांत सर्वत्र आलें आहे. लांब दांडा, एका टोंकाला लहानसें इंजिन, दुसऱ्या टोंकाला फिरणारें पातें. शहरांतील गृहस्थाची निवड बहुधा या यंत्रासंबंधींच असते, आणि धोकाहि येथेंच अधिक असतो. या यंत्राला लावावयाच्या साधनांचे मुख्य प्रकार तीन. पहिला नायलॉनच्या दोरीचा. ती गवतासाठीं आहे. लांकूड झालेल्या काडीवर ती तुटते. दुसरा तीन टोंकांच्या जाड पात्याचा. तें दाट गवत, घाणेरीचे शेंडे, बोटाएवढीं झुडपें यांच्यासाठीं. साधारण दोन सेंटिमीटर जाडीपर्यंत त्याचा अंमल चालतो. तिसरा करवतीच्या चकतीचा. तिच्या परिघावर अनेक दांते असतात, आणि मनगटाएवढें रोपटें कापण्याचा अधिकार केवळ तिलाच आहे. तिचीहि मर्यादा यंत्राच्या बळाप्रमाणें साधारण चार ते सात सेंटिमीटर. त्यापुढें हातकरवत किंवा कुऱ्हाड घ्यावी.

करवतीच्या चकत्यांतहि दोन जाती आढळतात. एका जातींत दांते साध्या पोलादाचे असतात. ते कानशीनें पुन्हां धारदार करतां येतात. दुसऱ्या जातींत दांत्यांच्या टोंकांवर कार्बाइडचे तुकडे बसविलेले असतात. हे तुकडे अतिशय कठीण. धार पुष्कळ दिवस राहते, परंतु साधी कानस त्यांवर चालत नाहीं, आणि दगडावर आदळतांच ते उडून जातात. जालना जिल्ह्यांतील बांध काळ्या मातीचे असले, तरी वेंचलेले दगड-गोटे पिढ्यान् पिढ्या त्याच बांधांवर टाकलेले असतात. तेव्हां अशा बांधावर कार्बाइडची महाग चकती नेण्यापेक्षां साध्या दांत्यांची चकती व खिशांत एक कानस हा व्यवहार शहाणपणाचा. जेथें दगड नाहींत व बाभळीचीं रोपटीं पुष्कळ आहेत, तेथें कार्बाइडचा खर्च भरून निघतो.

दुकानांतून पातें घेतांना दोन आंकडे पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. एक, मधल्या भोंकाचा व्यास. बाजारांत २५.४ मिलिमीटर भोंकाचीं पातीं सर्रास मिळतात, तशीं २० मिलिमीटरचींहि मिळतात. यंत्राचें माप एक आणि पात्याचें दुसरें असलें, तर कागदाची किंवा पत्र्याची घडी सारून तें बसविण्याचा मोह होतो. तो मोह प्राणावर बेतूं शकतो, कारण केंद्र थोडें जरी ढळलें तरी सारें यंत्र थरथरूं लागतें. दुसरा आंकडा पात्यावर कोरलेल्या कमाल वेगाचा. यंत्राचा वेग त्याहून अधिक असतां कामा नये. हा वेग म्हणजे काय, हें एका हिशेबानें स्पष्ट होईल. २५५ मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटास ८००० फेरे घेत असेल, तर त्याची कडा दर सेकंदास सुमारे १०७ मीटर, म्हणजे ताशीं ३८० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. अशा वेगानें सुटलेला लोखंडाचा तुकडा आणि बंदुकीची गोळी यांत जखमी मनुष्याला फारसा फरक जाणवणार नाहीं.

म्हणूनच घरीं बनविलेलें पातें या यंत्राला कधींहि लावूं नये. पोलादाच्या गांवीं असें पातें कापून, जोड देऊन करून देणारा कारागीर सहज मिळेल, आणि तें बाजारच्या पात्याहून जाड व भक्कमहि दिसेल. पण जोडाजवळच्या पोलादाचें पाणी आंचेनें बदललेलें असतें, वजन दोन्ही बाजूंस सारखें नसतें, आणि तडा डोळ्यांना दिसत नाहीं. युरोपांत सांखळीच्या दुव्यांनीं बनविलेलीं असलीं साधनें विकलीं जात होतीं. त्यांतील एक दुवा सुटून २०१० सालीं ब्रिटनमध्यें एका मनुष्याचा प्राण गेला, आणि २०१२ सालीं युरोपीय आयोगानें त्यांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा आदेश काढला. हाताच्या कोयत्यासाठीं गांवचा लोहार हाच उत्तम गुरु. फिरत्या यंत्राच्या पात्यासाठीं मात्र यंत्राच्या निर्मात्याची पुस्तिका हीच प्रमाण मानावी.

पातें योग्य असलें, तरी तें लांकडाला कोणत्या बाजूनें भिडतें यावरहि पुष्कळ अवलंबून आहे. बहुतेक यंत्रांत वरून पाहिलें असतां पातें घड्याळाच्या उलट दिशेनें फिरतें. पात्याची तबकडी म्हणजे घड्याळाची तबकडी, व बारा वाजण्याची खूण चालविणाऱ्याच्या समोर, अशी कल्पना केली, तर बारा ते तीन या भागानें खोड कापूं नये. त्या भागानें लांकूड पकडतांच सारा दांडा झटक्यानें बाजूस फेंकला जातो. कापावयाचें तें डाव्या अंगानें. डोळ्यांवर व तोंडावर संरक्षण, पायांत जाड बूट, आणि १५ मीटरांच्या आंत दुसरें मनुष्य नाहीं, हे नियम मजुराला सांगून भागत नाहीं. ते साहित्य त्याच्या हातीं देण्याची जबाबदारी जमिनीच्या मालकाची आहे. पात्यावर हजारों रुपये खर्च करणारा गृहस्थ तोंडावरील जाळीसाठीं थोड्या रुपयांची काटकसर करतो, तेव्हां त्याची पारख पात्यापुरतीच राहिली असें म्हणावें लागतें.

मोसंबीच्या बागेंत तर यंत्राला लगामच हवा. फिरतें पातें ठिबकची नळी क्षणांत कापतें, हें नुकसान डोळ्यांना दिसतें. पण खोडाच्या सालीला लागलेला लहानसा ओरखडा दिसत नाहीं, आणि त्याच जखमेंतून डिंक्या रोगाची बुरशी आंत शिरते. नायलॉनची दोरीहि कोंवळ्या झाडाची साल सोलून काढते. तेव्हां खोडाभोंवतीं हातभर जागा खुरप्यासाठींच राखावी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या मोसंबीच्या बुंध्याशीं खुरपें घेऊन बसणाऱ्या बाईचें काम कोणत्याहि चकतीला साधणार नाहीं.

आतां शेवटचा आणि सर्वांत विसरला जाणारा भाग: जमिनीखालचा. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या देशांत आणलेली. तिच्या खोडाचा जमिनीलगतचा व थोडा खालचा भाग फुटव्याच्या डोळ्यांनीं भरलेला असतो. उत्तम चकतीनें ती जमिनीसपाट कापली, तर मालकाला समाधान होतें. पुढच्या पावसाळ्यांत एका खोडाच्या जागीं आठ-दहा फोंक उभे राहतात. पातें चांगलें, कापणी सुबक, आणि फळ उलटें! तिला काढावयाची असेल, तर पाऊस पडून माती मऊ असतांना बुंध्याभोंवतीं खणून, वीतभर खालीं मूळ तोडावें लागतें. तेथें धारदार पात्यापेक्षां कुदळ, टिकाव आणि पहार हींच खरीं हत्यारें. घाणेरीचीहि तीच कथा. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पांत केलेलें काम २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या पद्धतींत घाणेरीचें मुख्य मूळ जमिनीच्या किंचित् खालीं, म्हणजे तीन ते पांच सेंटिमीटरांवर तोडून झुडूप उलटें ठेवतात, म्हणजे तें पुन्हां रुजत नाहीं. सारी टेंकडी खणण्याची गरज नाहीं. दोन बोटें खालीं जाण्याची मात्र आहे.

ज्या झाडांना पुन्हां फुटूं द्यावयाचें, त्यांना मात्र स्वच्छ, धारदार पात्यानेंच कापावें. आणि कोणतेंहि रोपटें वीतभर उंचीवर तिरकें कापून खुंट ठेवूं नये. तो खुंट वाळला कीं भाल्याचें टोंक होतो. त्यावर बैलाचा खूर, ट्रॅक्टरचें टायर आणि अनवाणी चालणाऱ्या पोराचा पाय सारखेच फाटतात.

पातें हातीं घेण्यापूर्वीं काय ठेवावयाचें याचाहि विचार व्हावा. बांधावरचें प्रत्येक रोपटें शत्रु नव्हे. तरवडाच्या मुळांनीं बांध धरून ठेवलेला असतो, हिवराच्या सावलींत गुरें बसतात, बाभळीच्या लांकडानें औतें केलेलीं आहेत. महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानें आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, साग अशीं झाडें परवानगीवांचून तोडण्यास बंदी आहे. तेव्हां झाडोऱ्यांत यांपैकीं एकादें दडलेलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. झुडपें साफ करणें म्हणजे जमीन उघडी करणें नव्हे.

याप्रमाणें विचार केला, तर त्या गृहस्थाला दुकानदारापुढें निराळा प्रश्न ठेवतां येईल. तो सांगेल: "घाणेरी बोटाएवढी आहे, वेडी बाभूळ मनगटाएवढी आहे, बांधावर दगड आहेत, यंत्राचें भोंक २५.४ मिलिमीटरचें आहे." मग दुकानदाराच्या हातांत चकचकीत पातें येणार नाहीं, एक तीन टोंकांचें पातें, एक साध्या दांत्यांची चकती, एक कानस आणि तोंडावर घेण्याची जाळी येईल. आणि परत येतांना तो गृहस्थ लोहाराच्या पालापाशीं थांबून एक टिकावहि शेवटवून घेईल. बांध मोकळा होण्यास त्याला कदाचित् चार दिवस अधिक लागतील; परंतु पुढल्या दिवाळीला तोच बांध त्याला पुन्हां तोडावा लागणार नाहीं, आणि कामावर आलेलीं माणसें सायंकाळीं आली तशींच धडधाकट घरीं परततील.